खालची मंडळी

झिव्का डोब्रेवा. दुसरी व्हायोलिनं, चौथं स्टँड.
तिच्या शेजारी मी.
पान उलटायचं ते आतल्या बाजूच्या वादकानं, असा शिरस्ता;
म्हणून एकतीस वर्षं ती वाजवत राहिली
आणि मी दोन-दोन सुरांचा बळी देऊन पानं उलटली.
तेवढाच आमचा संसार, म्हणा ना.

रूसे गावात ऑपेराचं घर आहे, डॅन्यूबपासून थोडं वर.
त्याच्या पोटात आमचा खड्डा.
वर उजेड, अत्तर, टाळ्या;
खाली राळेची पूड, ओल,
आणि बसूनवाल्याच्या तोंडाचा लसूण.

ती तुत्राकानची. बाप फेरीबोटीवर मेकॅनिक.
पहिलं व्हायोलिन जर्दाळूच्या दारूच्या दोन पिंपांवर आलं,
घोडी वाकडी, पाठीला भेग.
बापानं ती बोटीच्या डांबरानं बुजवली.
म्हणाला, आता बुडणार नाही.
(हे सांगताना ती हसायची नाही. मीच हसायचो.)

सोफियाच्या परीक्षेत वरची तार तुटली.
उरलेल्या तीन तारांवर तिनं तुकडा तडीस नेला.
परीक्षकांनी लिहिलं : चिकाटी उत्तम, सूर मध्यम.
तो कागद ती पेटीच्या अस्तरात ठेवायची,
जिथं बाकीच्या बायका मुलांचे फोटो ठेवत.

मानेवर डावीकडे तपकिरी डाग.
लग्नानंतर सासूनं तो पाहिला आणि आठवडाभर अबोला धरला.
शेवटी झिव्का स्वयंपाकघरात उभी राहिली
आणि तासभर नुसती सप्तकं वाजवली, वर-खाली, वर-खाली.
पुरे, सासू म्हणाली. पटलं.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात
सकाळच्या पगारात चीज यायचं,
संध्याकाळी त्याच पैशांत चीज गुंडाळायचा कागद.
बोटं कापलेले हातमोजे घालून वाजवायचो.
वर नायिका क्षयानं मरत होती,
खोकत होतो आम्ही.

त्याच वसंतात लिंझचा दौरा.
तिथल्या एका गृहस्थानं विचारलं, राहता का?
पहिल्या व्हायोलिनांत जागा. स्टँड दुसरं.
ती रात्रभर पुलावर होती.
सकाळी म्हणाली,
"नदी आपलीच आहे. पण इथं अजून लहान आहे."
मला काही उमगलं नाही.
परतीच्या बसमध्ये सगळ्यांच्या आधी तीच जाऊन बसली.

मरणं तरी किती वाजवली आम्ही!
विष, सुरा, कड्यावरून उडी, कधी नुसताच विरह.
एकही पाहिलं नाही.
त्यातलं एक दर मोसमात असायचं,
त्याच्या शेवटी डोक्यावरच्या फळ्यांत
धप्प.
झिव्का गज उचलता उचलता कुजबुजायची, "पडली बिचारी."
मग आठ मापं विश्रांती.
मग शेवटचा लांब सूर.

निवृत्तीला फुलं, घड्याळ, एक भाषण.
व्हायोलिन सरकारी; पोटात आकडा, ११७.
भांडारवाल्यानं सही घेतली, गज मोजले : दोन.
आणि वर सातव्या रांगेचं एक तिकीट.

ती आली, राखी कोटात.
मी खालून मान वाकडी करून पाहिलं,
तिची डावी बोटं पर्सच्या पट्ट्यावर चालली होती.
तिच्या खुर्चीत नवं पोरगं. बरं वाजवतं.
शेवट आला. धप्प.
कुणी काही कुजबुजलं नाही.

नंतर मागच्या दाराशी, सिगारेटींच्या थंडीत,
"ती पडत नाही रे," झिव्का म्हणाली.
"खुर्चीत बसूनच जाते. हात मांडीवर.
धप्प होतं ते मागचं दार.
एक माणूस निघून जातो,
आणि दार हळू लावणं त्याला सुचत नाही."

म्हणजे एकतीस वर्षं आपण भलत्याच आवाजावर रडलो?

तिनं उत्तर दिलं नाही.
माझ्या हातातला गज घेतला,
मी सैल करायला विसरलेला स्क्रू दोन वेढे फिरवला.
"विश्रांतीची मापं मोजलीस?"
मोजली की. आठ.
"सात," ती म्हणाली.
"वरून ऐकू येतं."